अंजनाबाईनं उपाशी ठेवलेलं तळं

नवरा सखाराम गेल्यापासून अंजनाबाईला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. सुरतेजवळ पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाईंग मिलमध्ये वीस वर्षं राबून तो आठ दिवसांच्या तापात संपला. सगळे रडले, ती रडली नाही. मग गावी हिंगोलीला परतण्याऐवजी तिनं बारडोलीजवळ एका शेठच्या दोन मत्स्यतळ्यांवर राखणीचं काम धरलं. सकाळ-संध्याकाळ पंगास माशांना गोळ्यांचं खाद्य टाकायचं. मासे झेपावायचे, पाणी उकळल्यागत व्हायचं. ती घमेलं रिकामं करायची आणि खोलीवर यायची.

जानेवारीत गारठा पडला. एका सकाळी दोरीला बांधलेल्या तापमापीत पाणी सतरा अंशांवर दिसलं. मासे नेहमीसारखे वर येईनात, बऱ्याच गोळ्या फुगून बुडू लागल्या. खाद्य विकणारा प्रशांत मागे म्हणाला होता, पाणी गार पडलं की माशाचं पचन मंदावतं. तिनं शेठला फोन लावला.

"शेठ, मासे धड खात नाहीत. थोडे दिवस खाद्य बंद ठेवू का?"

"बंद नहीं करना, अंजनाबेन. वजन घटेगा तो व्यापारी नहीं उठाएगा."

तिनं वाद घातला नाही. मोठ्या तळ्यात सांगितल्यासारखं टाकत राहिली. धाकट्याच्या वाटचं मात्र गुपचूप गोणीत परत ओतायची. आपण असं का करतो, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पाचव्या दिवशी मोठं तळं घाण मारू लागलं. मासे पोटं वर करून तरंगू लागले. दोन दिवस ती टोपल्या भरत होती. शेठ आला, तेव्हा तिनं एक मासा विळीवर चिरून त्याच्यापुढे धरला. आत गोळ्यांचा लगदा न पचता आंबला होता.

"और छोटा तालाब?"

"त्याला मी काही टाकलंच नाही."

शेठनं धाकट्या तळ्यात जाळं ओढायला लावलं. मासे सुस्त होते, पण जिवंत होते. जाताना तो एवढंच म्हणाला, "अब से खाना आप तय करना."

सुरतेजवळच्या सचिन गावात राहणाऱ्या लेकीनं, प्रज्ञानं, संध्याकाळी फोन केला. "आई, एवढे मासे वाचवलेस! बरं वाटलं ना?"

"माहीत नाही गं."

"जेवलीस का?"

"जेवते आता."

तिनं भात वाढून घेतला. दोन घास खाल्ल्यावर तिला मीठ कमी लागलं. कितीतरी महिन्यांनी असं काही कळलं होतं. ती उठली आणि डब्यातून चिमूटभर मीठ घेऊन आली.