तिसरा आग्रह

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही गावं पालथी घातली तरी माझ्या व्याह्यांएवढा मुत्सद्दी माणूस मिळायचा नाही, हे मी कुणाच्याही दारात उभा राहून सांगीन. मी चौथीत शाळा सोडली, पण माणूस वाचायला आजवर चुकलेलो नाही. हे आमच्या लेकीचे सासरे. राहतात बदलापूरच्या कुळगावात, आणि तिन्ही गावांच्या मिळून आमच्या ज्येष्ठ मंडळाचे नऊ वर्षं उपाध्यक्ष होते. उपाध्यक्षाला तसं काम एकच, अध्यक्ष कधी आजारी पडतात ते बघायचं. पण आमचे अध्यक्ष ठणठणीत, त्यामुळे व्याह्यांनी स्वतःपुरतं परराष्ट्र खातं उघडलं.

परराष्ट्र म्हणजे उल्हासनगर. दोन स्टेशनं जायचं तर हा माणूस भर वैशाखात कोट चढवायचा. मंडळाच्या तिथल्या शाखेत सिंधी मंडळी जास्त, म्हणून 'साईं', म्हणजे आपलं 'साहेब', हा एक शब्द शिकले आणि तो जिथेतिथे वापरायला लागले. आमच्या घरी येऊनही, "वा साईं, चहा फक्कड!" आमची बायको आत येऊन मला विचारते, "हे मला साई का म्हणतात हो? आज गुरुवार आहे का?" एकदा अंबरनाथ आणि बदलापूरवाल्यांची एका कॅरम बोर्डावरून जुंपली. व्याह्यांनी तीन दिवस दोन्हीकडचा चहा पिऊन तह केला: बोर्ड अंबरनाथला, सोंगट्या बदलापूरला. म्हणजे खेळायचं तर एकमेकांकडे जावंच लागेल. आठ महिने कुणी एक डाव खेळलं नाही. मी म्हटलं, "अहो, खेळ बंद पडला की!" तर म्हणाले, "भांडणही बंद पडलंच ना, व्याही?"

पण त्यांचा खरा मुत्सद्दीपणा 'नको' ह्या शब्दात. सभ्य माणसानं दोनदा नको म्हणावं आणि तिसऱ्या आग्रहाला मान द्यावा, हा त्यांचा कायदा. आमच्याकडे श्रीखंड आलं रे आलं की ताटावर हात आडवा. "नको नको, विहीणबाई, पोट तुडुंब आहे." बोटांत मात्र चमचा जाईल एवढी फट. बायकोनं तिसऱ्यांदा "माझी शपथ" म्हटलं की हात आपसूक बाजूला. आमची लेक नवी नवरी असताना पहिल्याच नकोला पातेलं आत घेऊन गेली, तर हे ताक येईपर्यंत हात तसाच आडवा धरून बसले होते.

यंदा अध्यक्षांनी गुडघ्यांपायी खुर्ची सोडली. "व्याही, एकदा तरी त्या खुर्चीत बसायचंय," असं हे मला बदलापूर गावातल्या देवळाच्या पायरीवर म्हणाले होते, आणि तेव्हा डोळ्यांत मुत्सद्दीपणा औषधालाही नव्हता. महिनाभर तिन्ही गावं फिरले. मत मागायचे नाहीत, शुगर विचारायचे. सगळी मंडळी राजी झाली. ठरावाच्या कागदावर अनुमोदक म्हणून सही मी करणार होतो, आठवडाभर घोटून ठेवली होती. तर ऐन वेळी म्हणतात, "रागावू नका व्याही, पण त्या जागी पदवीवाला बरा दिसतो." तीन गावं सांभाळणाऱ्या माणसाला घरचा एक सांभाळता आला नाही. मी पेनाला टोपण लावलं.

सभेत निवडणुकीचं काम होतं अंबरनाथच्या कारखान्यातल्या एका निवृत्त साहेबांकडे. जे ऐकतील ते लिहिणार, असा माणूस. त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "अध्यक्षपद स्वीकाराल?"

"छे छे, माझी कसली योग्यता!"

"पुन्हा विचारतो. स्वीकाराल?"

"नको नको, तरुणांना संधी द्या." तरुण म्हणजे उल्हासनगरचे कापडवाले सेठ, वय अडुसष्ट.

पदवीवाला अनुमोदक म्हणाला, "त्यांच्या इच्छेचा मान राखू या."

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिसरा आग्रह घरच्या माणसाचा. "अहो, व्हा हो," एवढंच म्हणायचं होतं. मी पंख्याकडे बघत राहिलो. साहेबांनी लिहिलं: नकार. मग सेठना विचारलं. "हां, क्यूं नहीं?" ते म्हणाले आणि अध्यक्ष झाले. टाळ्या संपल्या तरी व्याह्यांचा हात टेबलावर आडवाच होता, बोटांत फट ठेवून.

पुढच्या रविवारी मी त्यांना जेवायला बोलावलं. श्रीखंडासाठी चक्का मी स्वतः बांधला. सभेचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. बायको पातेलं घेऊन आली. "वाढू का हो?"

"वाढा," ते म्हणाले. पहिल्याच वेळी. हात मांडीवर. बायकोचा चमचा हवेतच थांबला.

"आणखी घ्या," मी म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं.

"पुरे, व्याही. वाटी भरलीये."

मी चौथ्यांदा म्हटलं.