कवळीशास्त्री आणि तीन मिलिमीटरचे छिद्र

ज्या मनुष्याने सत्तावीस वर्षे इतरांच्या तोंडात बसणाऱ्या वस्तू निमूटपणे घडवल्या, त्याला एकदा तरी स्वतःचे नाव कुठेतरी कोरलेले पाहावेसे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही. कवळीवर कारागिराचे नाव नसते. रुग्ण आरशात पाहून हसतो, दंतवैद्याचे आभार मानतो, आणि ज्याने वरचे चौदा दात एकेक करून मेणात बसवले तो मागच्या खोलीत प्लास्टर ढवळत बसतो. ही व्यवस्था कोणी व कोणत्या अधिकाराने ठरवली, याची विचारणा त्या कारागिराने तीन लेखी अर्जांद्वारे केली होती. उत्तर सोडाच, पोचसुद्धा आली नाही.

या कारागिराला 'कवळीशास्त्री' हे नाव मंडळाने दिले. मंडळ म्हणजे हातात धरून खेळायची गेमयंत्रे घरच्या घरी बनवणाऱ्या हौशी लोकांचा मेळा. बाजारात तयार यंत्रे ढिगाने मिळत असताना ही प्रौढ माणसे सर्किट बोर्डावर डोळे फोडत का बसतात, हा प्रश्न कवळीशास्त्र्यांच्या पत्नीने, ज्या टपाल कचेरीच्या खिडकीवर बसत आणि म्हणून मनुष्यजातीविषयी फारशा आशा बाळगून नसत, पहिल्याच आठवड्यात विचारला होता. "विकतच्या यंत्रात दुसऱ्याच्या अंगठ्याचा विचार केलेला असतो," असे कवळीशास्त्र्यांनी उत्तर दिले. "मग तुमच्या अंगठ्यात असं काय सोनं लागलंय?" असे पत्नीने विचारले, आणि तो विषय तेथेच संपला.

परंतु अंगठ्याचा मुद्दा खरा होता. दातांचा ठसा घ्यायचे मिश्रण वापरून कवळीशास्त्र्यांनी मंडळातील अकरा जणांच्या अंगठ्यांचे ठसे घेतले, त्यांची सरासरी काढली, आणि अंगठा न ताणता जेथे पडतो नेमकी तेथे बटणे बसवली. बाहेरचे कवच त्यांनी हाताशी असलेल्या अॅक्रिलिकचे ओतले. त्यामुळे यंत्राचा रंग थेट हिरड्यांचा झाला आणि ते टेबलावर ठेवले की कोणीतरी दात काढून ठेवल्यासारखे दिसे. तरीही एकदा ज्याने ते हातात घेतले त्याने खाली ठेवले नाही. आराखडा मंडळाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला झाला. कोणीही उतरवून घ्यावा, बनवावा, बदलावा. मंडळाची अट एकच. बोर्ड कारखान्यात छापला तर त्याच्या पाठीवर 'मूळ रचना' असे लिहून त्यापुढे पहिल्या रचनाकाराचे नाव घालायचे. मोबदला म्हणाल तर तेवढाच, आणि आजवरचे बोर्ड घरीच बनल्याने तोही अजून मिळालेला नव्हता.

आता छिद्राविषयी. कवचाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, बोर्डाच्या आरपार जाणारे तीन मिलिमीटरचे एक छिद्र होते. पहिला नमुना चकाकी लावून वाळत घालताना कवळीशास्त्र्यांनी तो खिळ्याला टांगण्यासाठी पाडलेले ते भोक होते, याहून अधिक काही नाही. पुढे आराखडा काढताना त्यांनी तो नमुनाच समोर ठेवून रेषान् रेषा उतरवली. कवळीच्या धंद्यात ठशात जे असेल ते कवळीत उतरलेच पाहिजे, असा दंडक असतो. का, कशाला, हे कारागिराने विचारायचे नसते. त्या इमानाने खिळ्याचे भोकही आराखड्यात उतरले.

पहिल्याच महिन्यात दूरच्या कोण्या सभासदाने लिहून विचारले, "हे छिद्र कशासाठी?" त्या क्षणी 'चुकून राहिले' असे दोन शब्द लिहिले असते तर ही कथा लिहावी लागली नसती. पण दोन शब्दांत भागवणे कवळीशास्त्र्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी उत्तर दिले : "ध्वनीच्या मोकळेपणासाठी." वस्तुतः त्या भोकामुळे यंत्रातून, नवी कवळी बसवलेला वृद्ध बोलताना निघते तशी, एक बारीक शीळ निघत असे. पण 'मोकळेपणा' हा शब्द लोकांना भावला. कोणी त्यावर टिपणे लिहिली, कोणी भोक पाडण्यासाठी खास साचे बनवले. एका निवृत्त संगीत शिक्षिकेने तर शिळेतला स्वर ओळखला आणि तो अत्यंत शुद्ध असल्याचा दाखला दिला. तीन वर्षांत छिद्राचे शास्त्र झाले, आणि त्या शास्त्राचे आद्य प्रणेते तोंड मिटून बसले.

अशात चष्मेवाल्यांनी आपली 'नवी रचना' जाहीर केली.

चष्मेवाले हे मंडळातले प्रतिष्ठित गृहस्थ. मृदू बोलणे, इस्त्रीचा सदरा, प्रत्येक वाक्याआधी "माझा आपला नम्र प्रयत्न" अशी प्रस्तावना. त्यांच्या रचनेत बटणे तेथेच, बॅटरी तेथेच, पडदा तेथेच. फरक म्हणजे कवच राखाडी, छिद्र तीनऐवजी पाच मिलिमीटरचे, आणि 'मूळ रचना'पुढे चष्मेवाल्यांचे नाव. मंडळाने वर्षाची सामाईक मागणी याच रचनेची द्यायचे ठरवले. चाळीस बोर्ड एकदम छापून येणार होते. रविवारी पाच वाजता फाइल कारखान्याला जायची होती. एकदा छापलेले नाव मग देव आला तरी पुसले जात नाही.

कवळीशास्त्री रविवारी एकोणीस पानांची तक्रार घेऊन सभेला गेले. सोबत जोडपत्रे सात. पत्नीही गेल्या, त्यांचे म्हणणे, "एकोणीस पानं तुम्ही वाचलीत तर पाच वाजून जातील. मला मध्ये कोपर मारायला यायलाच हवं."

सभा एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत भरत असे. खालून वाफेचे फुत्कार येत, आणि वर तीसेक माणसे हातातली यंत्रे खाली न ठेवता सभेला उपस्थित असत. अध्यक्ष होते लिफ्टवाले काका. आयुष्यभर अडकलेल्या लिफ्टा सोडवल्यामुळे कोणताही वाद माणसे गुदमरण्याआधी मिटवावा, एवढेच त्यांचे तत्त्वज्ञान होते.

"हं, बोला शास्त्री. थोडक्यात."

"प्रस्तुत तक्रारीचे स्वरूप त्रिविध आहे," कवळीशास्त्र्यांनी पान एक उघडले.

पत्नीने कोपर मारले.

"यांनी माझी रचना उचलली," कवळीशास्त्री म्हणाले.

चष्मेवाले उठले. "माझा आपला नम्र प्रयत्न आहे हो. बटणं सारखी आहेत, मान्य. पण अंगठा काय शास्त्रीबुवांनी शोधून काढलाय? सगळ्यांना अंगठे सारखेच. मोजमाप नीट केलं की सगळे एकाच जागी पोचणार."

"आणि बॅटरी?"

"बाजारात त्या मापाची एकच मिळते."

"पडदा?"

"तोही एकच."

लोकांनी माना डोलावल्या. या ठिकाणी एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. चष्मेवाल्यांची वरची कवळी कवळीशास्त्र्यांनीच घडवली होती. ती तोंडात इतकी चपखल बसली होती, 'स' आणि 'श' इतके स्वच्छ निघत होते, की स्वतःवर उलटणारा प्रत्येक युक्तिवाद ऐकताना कवळीशास्त्र्यांना संतापाबरोबर एक चोरटे समाधानही होत होते. आपणच घडवलेल्या दातांनी आपलाच घास घेतला जावा, आणि तोही इतक्या सुस्पष्ट उच्चारांत, ही विटंबना सहन करायला वेगळेच काळीज लागते.

"ठीक," कवळीशास्त्री पान बारावर आले. "मग छिद्र? त्याच कोपऱ्यात, त्याच अंतरावर छिद्र यांना कसं सुचलं?"

खोलीत प्रथमच दोन यंत्रे खाली ठेवली गेली.

"छिद्राचं काय," चष्मेवाले शांतपणे म्हणाले. "ध्वनीचा मोकळेपणा. स्पीकरमागची पोकळी, हवेचा दाब, सगळं गणित मी मांडलंय. गणित केलं की छिद्र त्याच जागी येतं. ज्याला शास्त्र कळतं त्याला ते तिथेच पाडावं लागेल." आणि त्यांनी चार पानांचे गणित काकांपुढे ठेवले.

काकांनी ते उलटेसुलटे करून पाहिले. "बरोबर वाटतंय. मुद्दा असा आहे शास्त्री, की बरोबर गोष्ट दोघांना सुचू शकते. तुमची बटणं बरोबर, छिद्र बरोबर, सगळंच बरोबर. मग यांनी उचललं हे ठरवायचं कसं? चूक असती तर गोष्ट वेगळी. शाळेत दोन पोरांचं बरोबर उत्तर सारखं आलं तर मास्तर काही बोलत नाही. चूक सारखी आली की दोघांना उभं करतो."

साडेचार वाजले होते. कवळीशास्त्री पान बारावरच थांबले.

त्यांच्या हाती पुरावा होता. नुसता हाती नव्हे, ढळढळीत होता. फक्त तो मांडण्यासाठी तीन वर्षांचे शास्त्र स्वतःच्या हातांनी बुडवायचे होते. नाव हवे तर अब्रू द्या, अब्रू हवी तर नाव सोडा. धरले तर चावते, सोडले तर पळते.

"सांगा ना खिळ्याचं," पत्नी पुटपुटल्या.

"तू गप्प बस."

"मी गप्पच आहे. सत्तावीस वर्षं तुम्ही बिननावाचे म्हणून रडताय, ते मी गप्प बसूनच ऐकतेय."

"लोक काय म्हणतील?"

"आता काय म्हणतात ते तुम्ही कधी मागे उभं राहून ऐकलंत का?"

कवळीशास्त्र्यांनी एकोणीस पाने मिटली. आयुष्यात प्रथमच ते कागदाशिवाय बोलायला उभे राहिले.

"ते छिद्र चूक आहे."

कोणाला काही कळले नाही.

"नमुना वाळत घालायला खिळ्याला टांगला होता. त्यासाठी भोक पाडलं. मग आराखड्यात ते तसंच उतरलं. ध्वनीबिनी काही नाही."

मग सगळी खोली हसली. पण ज्या प्रकारे हसायला हवी होती त्या प्रकारे नव्हे.

"किती हा विनय!" संगीत शिक्षिका म्हणाल्या. "मोठी माणसं अशीच बोलतात."

"विनय नाही हो बाई, भोक आहे ते!"

"शास्त्रीबुवा, मी त्या छिद्रावर चोवीस पानं लिहिलीत," मागून कोणी दुखावल्या आवाजात म्हणाले.

चष्मेवाल्यांनी मान हलवली. "नाव जातंय म्हणून स्वतःच्या शोधाला नावं ठेवायची? वाईट वाटतं."

माणसाने खोटे बोलावे आणि जगाने ते डोक्यावर घ्यावे, हे एकवेळ चालते. खरे बोलावे आणि जगाने पाठ थोपटून ते परत करावे, हा छळ कवळीशास्त्र्यांना अगदी नवा होता. त्यांनी खिसे चाचपले. त्यांच्या धंद्यातल्या माणसाच्या खिशात पेन नसेल एकवेळ, पण गुलाबी मेणाची पट्टी असतेच. बोटभर तुकडा त्यांनी तळहातावर मळून मऊ केला, काकांच्या हातातले यंत्र जवळजवळ हिसकावून घेतले, आणि भोक बुजवले.

"आता ऐका."

त्यांनी गेम सुरू केला. शीळ नव्हती. ठोके भरीव, सूर गोल, आवाज खोलीच्या टोकापर्यंत स्पष्ट. त्यांनी मेण काढले : शीळ. बसवले : शीळ गेली. तिसऱ्यांदा मेण काढल्यावर संगीत शिक्षिकांनी कानावर हात ठेवले आणि कोणाकडेही न पाहता म्हणाल्या, "बंद करा ते. बेसूर आहे."

काकांनी चष्मेवाल्यांचे गणित दोन बोटांनी उचलले. "मग हे काय आहे हो?"

चष्मेवाल्यांचे तोंड उघडे राहिले, आणि त्यातही कवळी जागची हलली नाही, हे कवळीशास्त्र्यांनी टिपले. "गणित... म्हणजे... जागा ठरलेली होती. मी तिथपर्यंत गणित आणलं."

"म्हणजे भोक आधी, गणित मग."

"माझा आपला नम्र..."

"प्रयत्न. कळलं," काका म्हणाले आणि घड्याळाकडे वळले. दहा मिनिटे उरली होती. छिद्र काढून टाकावे अशी सूचना आली. ती लगेच पडली, कारण चौदा जणांकडे भोकासकट तयार झालेली कवचे होती. छिद्र राहिले. नावे मात्र बदलली. काका फाइल उघडून मोठ्याने म्हणत टंकू लागले, "सुधारणा : चष्मेवाले. छिद्र पाच मिलिमीटर केले."

"ती ओळ घातलीच पाहिजे का?" चष्मेवाल्यांनी विचारले.

"तुमचंच काम आहे. श्रेय नको?" काका म्हणाले. "आता वर, 'मूळ रचना'. शास्त्री, तुमचं खरं नाव काय?"

कवळीशास्त्र्यांनी तक्रारीचे एकोणिसावे पान काढून खालची सही वाचून दाखवली. तीन शब्दांचे, भारदस्त, पूर्ण नाव होते.

"हे कोण?" मागून कोणीतरी विचारले.

कवळीशास्त्र्यांनी खोलीभर नजर फिरवली. विचारणारा थट्टा करत नव्हता. ज्यांच्या अंगठ्यांचे ठसे त्यांच्या फडताळात नावानिशी ठेवलेले होते, त्यांच्यापैकी एकालाही त्यांचे नाव ठाऊक नव्हते. ते नाव छापले तर चाळीस बोर्डांवर एक अनोळखी गृहस्थ कायमचा राहायला येणार होता. आणि दुसरे नाव म्हणजे लोकांनी पाठीमागे ठेवलेले. त्यात तिरकसपणा किती आणि माया किती, याचा हिशेब त्यांना आजवर जमला नव्हता.

"पाच मिनिटं," काका म्हणाले.

"कवळीशास्त्री लिहा," ते म्हणाले. "पण ठळक."

"ठळक बसत नाही. मोकळी जागा फक्त त्या भोकाशेजारी आहे."

"तिथे लिहा."

फाइल गेली. पत्नीने एकोणीस पाने आणि सात जोडपत्रे पिशवीत घातली, आणि "पाठकोरी आहेत, कामाला येतील," एवढाच अभिप्राय दिला.

ते दोघे जिना उतरू लागले तेव्हा मागून इस्त्रीच्या सदऱ्याची सळसळ आली. चष्मेवाले दोन पायऱ्या वर थांबले. खालच्या वाफेमुळे त्यांचा चष्मा धुरकटला होता.

"शास्त्रीबुवा, त्या मेणाचा एखादा तुकडा मिळेल का? माझं पाच मिलिमीटरचं आहे. मला जरा जास्त लागेल."

कवळीशास्त्र्यांच्या मनात बोलण्यासारखे पुष्कळ आले. परंतु समोर माणूस होता, त्याच्या यंत्राला भोक होते, आणि भोक बुजवायचे शास्त्र या इमारतीत एकालाच येत होते. त्यांनी पूर्ण पट्टी काढून चष्मेवाल्यांच्या हातावर ठेवली आणि ती किती मळावी, कोणत्या बाजूने दाबावी, थंडीत काय काळजी घ्यावी, हे मुद्देसूद सांगायला सुरुवात केली. पत्नी पिशवी घेऊन पुढे गेल्या. त्या कोपऱ्यावरून वळून दिसेनाशा झाल्या, तरी कवळीशास्त्री तिसऱ्या पायरीवर उभे राहून अजून दुसऱ्या मुद्द्यावरच होते.