मंदाकाकूंची खिडकी

“मँडीचा हा शेवटचा कॅम्प. पुढच्या वर्षीपासून सगळं कॉम्प्युटरवर. नाही, तिला अजून सांगितलेलं नाही.”

ब्रायन फोनवर बोलत पॅसेजमधून चालला होता. मी प्रिंटरमागे गुडघे टेकून एक केबल शोधत होते, त्यामुळे त्याला दिसले नाही. उठून उभं राहायला हवं होतं, निदान खोकायला तरी. मी तशीच बसून राहिले. मँडी म्हणजे मंदाकाकू. आणि ज्या कॉम्प्युटरवर सगळं जाणार होतं, त्याचा प्रोग्रॅम मी लिहीत होते.

ही दोन हजार पाचची गोष्ट. जर्सी सिटीतल्या माझ्या कन्सल्टिंग कंपनीनं मला दोन महिन्यांसाठी फ्लोरिडातल्या एका लहानशा गावात पाठवलं होतं. एक मोठी बेसबॉल टीम दर फेब्रुवारीत तिथे सरावाला यायची. उत्तरेत बर्फ साचलेला असायचा तेव्हा इथे संत्र्याची झाडं मोहरायला लागलेली असायची. सकाळी मैदानांवर इतकं धुकं असे की खेळाडू दिसतच नसत. आधी बॅटचा टक्क असा आवाज यायचा आणि मग बऱ्याच वेळानं पांढऱ्या कपड्यांतलं कुणीतरी धुक्यातून पळत बाहेर यायचं. ते दोन महिने मी खरंच तिथे होते का, अशी मला अजूनही मधूनच शंका येते.

बेसबॉलमधलं मला काहीच कळत नव्हतं. पहिल्या दिवशी ऑफिसच्या खिडकीशी मी माझं नाव सांगितलं. आतल्या बाईंनी टीमची निळी टोपी घातली होती, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा होता. त्यांनी माझ्या बॅजकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बर्वे? मग इंग्लिश काय करून राहिली माझ्याशी? मराठीत बोल की.”

नागपूर सोडून मंदाकाकूंना तेहेतीस वर्षं झाली होती, पण ते ‘करून राहिली’ काही सुटलं नव्हतं. नवरा पीएच.डी.साठी अमेरिकेत आला आणि लवकर गेला. मुलगा तीन वर्षांचा. पेपरात टायपिस्टची जाहिरात पाहून काकू या टीमच्या ऑफिसात गेल्या, तेव्हा बेसबॉल हा खेळ पायानं खेळतात की हातानं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. “टायपिंग मात्र मिनिटाला ऐंशी शब्द,” त्या सांगायच्या. “खेळ काय, बघून बघून येतो.”

आता सगळ्या खेळाडूंच्या करारांचे कागद त्यांच्या हातून जायचे. कॅम्पला साठजण येत आणि शेवटी पंचवीस उरत. बाकीच्यांना खालच्या टीममध्ये पाठवायचे, नाहीतर मोकळं करायचे. कुणाला खाली पाठवता येतं, कुणाला पाठवायचं तर आधी दुसऱ्या टीमना विचारावं लागतं, हे सगळं करारात असे आणि काकूंना पाठ असे. ब्रायन त्या विभागाचा प्रमुख होता, तरी तोही खिडकीत डोकं घालून विचारायचा, “मँडी, या मुलाचं काय?” काकू वर न बघता सांगायच्या.

कमी केलेल्या खेळाडूला सकाळी आल्या आल्या मॅनेजरच्या खोलीत बोलावत. तिथून तो सरळ काकूंच्या खिडकीशी यायचा, सह्या करायला. काकू कागद पुढे करत नसत. आधी एक संत्रं सोलून द्यायच्या. “खा आधी. उपाशी माणसाची सही मी घेत नाही,” असं त्यांच्या नागपुरी इंग्लिशमध्ये म्हणायच्या. सव्वासहा फुटांची ती मुलं खिडकीशी वाकून निमूटपणे संत्रं खायची. सही झाली की मगच काकू उरलेल्यांची नवीन यादी टाइप करून कपडे बदलायच्या खोलीबाहेर लावायला पाठवत. हा त्यांचा नियम होता. “आधी माणसाला कळलं पाहिजे, मग भिंतीला.”

माझं काम त्यांची कार्डं कॉम्प्युटरवर चढवायचं. लाकडी खणात प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड. वर इंग्लिशमध्ये टाइप केलेला करार, आणि खाली पेन्सिलीनं बारीक मराठी अक्षरं. मी इंग्लिश मीडियमची. ते अक्षर लावायला मला वेळ लागे. ‘बायकोला सातवा महिना.’ ‘पहिल्यांदाच घराबाहेर, रडतो.’ ‘गाडी नाही, बसपर्यंत सोडणे.’ ‘वडिलांविषयी विचारू नये.’

“हे कुठल्या रकान्यात टाकू?” मी विचारलं.

“ते तुझ्यासाठी नाही. ते माझ्यासाठी आहे. मराठीत लिहिते म्हणजे ब्रायन वाचत नाही.”

“पण मग कॉम्प्युटरवर...”

“कॉम्प्युटरवर करार टाक, बाई. आणि जरा मोठ्यानं बोल. आवाज काय बँकेत ठेवून आलीस?”

आवाजावरून त्या मला रोज काहीतरी म्हणायच्या. मीटिंगमध्ये मला काही विचारलं की मी लॅपटॉपकडे बघत पुटपुटायचे. काकू जेवताना नक्कल करायच्या, ओठ न हलवता. मला राग यायचा आणि हसूही. दुपारी आम्ही मैदानाच्या कडेला बाकावर डबा खायचो. उन्हानं गवत तापलेलं असायचं आणि दूरवर कुणीतरी एकटाच त्याच त्या रेषेवरून धावत असायचा. काकूंचं बोलणं ऐकता ऐकता मला वाटायचं, आता सांगावं. तुमचा हा शेवटचा कॅम्प आहे, मी ऐकलंय. दर दुपारी मी ते वाक्य मनात जुळवायचे आणि डबा बंद करायचे.

मार्चच्या मध्यावर ब्रायननं माझं काम बघायला मागितलं. निर्णय कॉम्प्युटरवर घातला की सकाळी सहाला नवीन यादी आपोआप छापून यावी, असं त्याला पुढच्या वर्षीपासून हवं होतं. काकू मला म्हणाल्या, “ते आपोआप छापणं बंद ठेव गं, सई.” मी हो म्हटलं. ब्रायनला दाखवायच्या आदल्या दुपारी ताजे निर्णय घालून एकदा चालू करून पाहिलं, नीट चाललं, आणि बंद करायचं विसरले.

दुसऱ्या दिवशी सहाला यादी छापून आली. कपडे बदलायच्या खोलीवरच्या माणसाला वाटलं, काकूंनीच पाठवली. त्यानं ती नेहमीसारखी भिंतीवर लावली. सगळ्यांत आधी येणारा रामोन होता. एकतीस वर्षांचा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला बॉलर, आठ वर्षं खालच्या टीममध्ये काढलेली, ही त्याची शेवटची संधी होती. मी पोहोचले तेव्हा तो यादीवरून बोट खाली नेत होता. शेवटपर्यंत गेला. पुन्हा वरून सुरू केलं. मग बोट काढून घेतलं आणि बाहेर धुक्यात जाऊन बाकावर बसला.

काकू आल्या, त्यांनी भिंत पाहिली आणि तशाच बाहेर गेल्या. त्याच्या शेजारी बसून त्या संत्रं सोलत राहिल्या. त्यानं घेतलं नाही. त्यांनी ते सोलून मांडीवर ठेवलं आणि दोघंही समोर बघत बसले, जिथे काहीच दिसत नव्हतं.

आठ वाजता ब्रायन खिडकीशी आला. “मँडी, यादी तू पाठवलीस?”

मी काकूंच्या मागेच उभी होते. तोंड उघडलं होतं, एवढं आठवतं. काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “हो. मीच.”

तो गेल्यावर मी रडायला लागले. काकू चिडल्या. “रडू नको. तू व्हिसावर आहेस. कॉन्ट्रॅक्टरची चूक म्हणजे उद्या घरी. मी सिटिझन आहे, मला कोण कुठे पाठवतंय?”

मला माहीत होतं कोण पाठवतंय. तेव्हा तरी सांगायचं. मी नाक पुसलं आणि जाऊन ते आपोआप छापणं बंद केलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. काकू त्या ऑफिसात आणखी दोन वर्षं राहिल्या, स्वतःच्या मनानं निवृत्त झाल्या आणि अल्फारेटाला मुलाकडे गेल्या. माझ्या कंपनीनं मला नोकरीवरून काढलं. नवी नोकरी मिळेपर्यंतचे आठवडे मी आयसेलिनमध्ये एका मैत्रिणीच्या सोफ्यावर काढले. काकू दर रविवारी फोन करायच्या. “जेवलीस का? मोठ्यानं सांग.” गेल्या हिवाळ्यात फोन त्यांच्या मुलाचा आला. काकू दुपारी खुर्चीत वाचता वाचता गेल्या, म्हणाला. तो इंग्लिशमध्ये बोलत होता, फक्त ‘आई’ तेवढं मराठी.

पण त्या शेवटच्या मीटिंगच्या सकाळी यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. पंचवीस नावं ठरून गेली होती. लांब टेबलाच्या टोकाला टीमचे म्हातारे प्रमुख बसले होते, वॉल्टर. खिडकीबाहेर धुकं विरत चाललं होतं आणि मैदानाचा हिरवा रंग हळूहळू वर येत होता, पाण्यातून यावा तसा. काकू नव्या करारांचे कागद घेऊन भिंतीशी उभ्या होत्या. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन.

“आणखी एक मुद्दा,” ब्रायन म्हणाला. “मँडीनं इतकी वर्षं उत्तम काम केलंय. पण रामोनच्या बाबतीत जे झालं ते पुन्हा व्हायला नको. मला वाटतं, तिचा करार या वर्षी...”

काकूंच्या हातातले कागद हलले नाहीत. त्यांना त्या क्षणी कळलं, हे मला त्यांच्या टोपीखालच्या कपाळावरून दिसलं. वॉल्टर त्यांच्याकडे वळले. “मँडी? तुला काही म्हणायचंय?”

“नाही,” काकू म्हणाल्या. “यादी भिंतीवर गेली. मुलाला आधी कळलं नाही. ते व्हायला नको होतं.”

मी लॅपटॉप बंद केला. त्याचा आवाज झाला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकूंनी मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. मी उभी राहिले. मी बोलले ते इंग्लिशमध्येच बोलले असणार, पण आठवताना ते मला मराठीतच ऐकू येतं, आणि मोठ्यानं.

“ती यादी काकूंनी नाही पाठवली. मी पाठवली.”