दुसरी हाक

थंड उत्तरेकडच्या तुर्कू शहरातल्या माणसांत एक खोड आहे. कुणाच्या घरी दुःख घडलं की ही माणसं त्याच्यापासून चार हात दूर राहतात आणि त्यालाच माया समजतात. राइली हक्कराइनेनचा नवरा शरदात गेला. तिच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी मग तिच्यावर अशी काही माया केली की बाई पार एकटी पडली. सकाळी दारात जो तो मान हलवून "काय राइली" म्हणे, पुढे अवाक्षर नाही. कॉफीच्या वेळी तिच्या शेजारची खुर्ची मोकळी. वेलदोड्याचा बन ती खिडकीकडे तोंड करून खाई आणि कुणीतरी काही विचारील या आशेनं कप उगाच उशिरा धुई.

तिचं काम टी पेशी वाढवायचं. रोगाशी लढणाऱ्या या पेशी एरवी रक्तात सुस्त फिरतात, जेमतेम खातात. त्यांना उठवायला दोन हाका लागतात. पहिली शत्रू दाखवते. दुसरी सोबतच्या पेशीकडून येते, ऊठ, मी आहे म्हणून; प्रयोगशाळेत ती कुपीतून घालतात. दोन्ही पोचल्या की एमटॉर नावाचं प्रथिन आत हुकूम सोडतं आणि पेशी साखरेवर तुटून पडते. पेशी वाढवायच्या ताटलीतला गुलाबी द्रव मग आंबून पिवळा होतो. तो पिवळा रंग बघून राइलीला कुणीतरी पोटभर जेवल्याचं समाधान वाटे.

फेब्रुवारीत एकदा द्रव गुलाबीच राहिला. तिनं फ्रीज उघडला. दुसऱ्या हाकेची कुपी न फोडलेली, तशीच होती.

"मार्केट्टा, दुसरी घालायचीच राहिली गं," तिनं प्रमुखबाईंना सांगितलं. दोघी तरुणपणापासून एकत्र होत्या.

"मग आता घाल. त्यात काय."

तिनं घातली. दुसऱ्या दिवशीही गुलाबी. मार्केट्टा स्वतः बघायला आली.

"यांचं असंच असतं," ती म्हणाली. "एकच हाक ऐकून बसून राहिल्या की एमटॉर गप्प होतं. मागाहून दुसरी दिली तरी उठत नाहीत."

"मेल्या का?"

"मेल्या कुठल्या. जिवंत आहेत. नुसत्या बसल्यात."

राइली ताटलीकडे बघत राहिली. मार्केट्टाही आधी ताटलीकडे, मग तिच्याकडे बघत राहिली.

"शनिवारी बेटावरच्या आमच्या घरी वाफ घ्यायला सॉना तापवतोय," ती एकदम म्हणाली. "येतेस?"

अख्खा हिवाळा राइलीनं याच प्रश्नाची वाट पाहिली होती.

"नको गं. घरी बरंच काम पडलंय."

घरी एक ताट आणि एक कप, एवढंच पडलं होतं. हो म्हणायला जीभ वळलीच नाही. स्वतःचाच इतका राग आला तिला की डोळे भरून आले.

मार्केट्टा "बरं" म्हणून निघाली. इथली माणसं एकदा नको ऐकलं की वर्षभर त्या वाटेला जात नाहीत. राइलीनं ताटली कचऱ्याच्या डब्यावर धरली.

"फेकू नकोस," दारातून आवाज आला. "वाढीचं औषध रोज घालत राहिलं तर काही काही उठतात."

"किती दिवस घालायचं?"

"ते काय मला ठाऊक. घालत राहायचं." मार्केट्टा दारातच घुटमळली. "मी उद्या परत विचारणार आहे हं तुला. शनिवारचं."

राइलीनं झाकण लावलं.

"विचार," ती म्हणाली आणि ताटली पुन्हा उबेच्या कपाटात ठेवली.