आंब्याच्या ओंडक्यावरचे कान

आमच्या मामेसासऱ्यांच्या मते माणसाला होणाऱ्या झाडून सगळ्या दुखण्यांवर देवाने एकच औषध तयार केलं आणि ते चुकून कानाच्या आकाराचं झालं. ओल्या लाकडावर उगवणारं हे तपकिरी, बुळबुळीत अळंबं मामांनी फौजेत असताना ईशान्येच्या डोंगरात पहिल्यांदा खाल्लं आणि तेव्हापासून त्यांचा जीव त्यात अडकला. निवृत्त होऊन ते नेकनूरजवळच्या आपल्या गावी परतले तेव्हा ट्रंकेतून कांबळी निघतील, रेडिओ निघेल, निदान फौजेतली एखादी बाटली तरी निघेल म्हणून अर्धं गाव अंगणात जमलं होतं. निघाले ते वाळलेले, काळे, कुडकुडीत कान. गावाने मामांना तिथल्या तिथे वेड्यात काढलं आणि मामांनीही ते पद आनंदाने स्वीकारलं.

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा जावयाला चहा देण्याआधी त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्यात एक वाळका कान टाकला. मग आम्ही दोघं तांब्यात डोकावून बसलो. हळूहळू तो काळा तुकडा फुगला, मऊ झाला, त्याला कानासारखी पाळी फुटली, कडा आली. "बगा जावईबापू, मेलेलं जितं झालं! आपल्या बीडच्या मान्सानं ह्ये शिकायला पायजे. वाळायचं, पन मरायचं न्हाई!" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीत एक फौजी थाप मारली. नंतर वाटीभर गूळ घातलेला काढा आला. घशाला चांगला, पोटाला चांगला, रक्ताला चांगला, गुडघ्याला चांगला. समोरचा जिथे हात लावेल तिथे तो चांगला. "आतडं बोलाया लागतंय उद्या," मामा म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आतडं खरोखरच बोललं, पण मी ते त्यांना कळू दिलं नाही.

मात्र मामा नुसते बडबडे वैदू नव्हते. रानात उगवलेली अळंब्याची कुठलीही छत्री कुणी उचलून आणली की त्यांचा आवाज एकदम परेडवरचा व्हायचा. "वळख न्हाई त्याला हात लावू नगंस बे! उद्या तुलाच उचलावं लागंल." स्वतः ते फक्त घरचे कान खात. त्यासाठी त्यांनी गोठ्यामागे लिंबाच्या सावलीत आंब्याचे ओंडके उभे केले होते. ओंडक्यांना भोकं पाडायची, त्यात पोस्टाने मागवलेलं बियाणं भरायचं, वर मेण लावायचं आणि ओली पोती पांघरायची. पोती वाळली की कान संपले. आता आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरच्या मागे घागरी पळतात, आणि या गृहस्थांनी पीक निवडलं ते असं. म्हणून मामा ओंडक्यांच्या शेजारीच दगडावर आंघोळ करत, तीही साबणाशिवाय, कारण साबणाचं पाणी कानांना सोसत नाही. "आंगूळ ह्यांची चाललीया का ओंडक्याची, तेच कळंना," मामी म्हणायच्या.

मामींचं आणि त्या कानांचं मात्र कधी जमलं नाही. मामी माळकरीण. एकादशीला नारायणगडाची वारी चुकत नाही आणि घरातून मटण हद्दपार झालं तेही त्यांच्या माळेबरोबर. कुरकुरीत चावणारी, कुर्चेसारखी दिसणारी ही वस्तू त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिली नाही. मामांनी अंगणात वेगळी चूल मांडली, वेगळी कढई घेतली आणि सगळ्या गावाला काढा पाजला. मामींना वर्षानुवर्षं कोरडा खोकला होता. तो उठला की मामा वाटी घेऊन उंबऱ्यापर्यंत जायचे आणि तशीच वाटी घेऊन परत यायचे. एकदा मला म्हणाले, "सगळ्यास्नी पाजलं, पन घरच्या मान्सानं येक घोट घेतला न्हाई. मंग कावून पिकवायचं ह्ये?" एरवी सतत हसणारा हा माणूस तेव्हा हसत नव्हता.

आणि मग सप्ताह आला. आमच्याकडे सप्ताहात एकेका दिवसाची पंगत एकेका घराकडे असते. मामांकडे वांग्याची भाजी होती. ती त्यांनी स्वतः केली आणि तिच्यात, पुण्य दुप्पट व्हावं म्हणून, कुणाला न सांगता भिजवलेले कान सोडले. मीही त्या दिवशी आलो होतो. पंगत बसली, गजर झाला, लोकांनी भुरके मारले. भाजी लोकांना फारच आवडली आणि तिथेच घोटाळा झाला. जन्मभर शेळ्या राखलेल्या एका आबांनी भाजीतून एक तुकडा बोटांत धरून वर काढला. शेळ्या रानात मिसळल्या की कानाला मारलेल्या खुणेवरून त्या ओळखण्यात या आबांचा हात कुणी धरत नसे. त्यांनी तो तुकडा पुसला, उलटा केला, उजेडात धरला आणि गंभीरपणे निकाल दिला, "कान हाय. कवळ्या करडाचा. खूण काय दिसंना, कुनाचं हाय ह्ये?"

अख्ख्या पंगतीचे हात पानावर थांबले. सप्ताहात, माळकऱ्यांच्या पानात, करडू! मामा पळी हातात घेऊन उभे होते. "झाडाचा हाय ओ, झाडाचा!" असं ते ओरडत होते, पण झाडाला कान असतात यावर त्या घटकेला कोण विश्वास ठेवणार? दोघं पानावरून उठायला लागले. एक जण म्हणाला, आता ह्या घराचं पाणी सुदिक नगं. मामांचा चेहरा पार उतरला.

तेवढ्यात बायकांच्या पंगतीतून मामी उठल्या. पदर खोचला, सरळ आबांसमोर आल्या, त्यांच्या बोटांतला तो तुकडा घेतला, गळ्यातली माळ सगळ्यांना दिसेल अशी पदरावर काढली आणि तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. सगळं गाव त्यांच्या जबड्याकडे बघत होतं. "माज्या दारात लाकडावर उगवतंय. मी रोज बगती," त्या म्हणाल्या. "बसा खाली. पानावरनं उटू नगा." माणसं बसली. आबांनी तर पुन्हा भाजी मागितली.

घरी गेल्यावर मामांनी भीत भीत विचारलं, "कसं लागलं गं?"

"चवच न्हाई त्येला," मामी म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या. मामा मात्र वाटीभर साखर मिळाल्यासारखे दिवसभर गावात हिंडले.

त्यानंतर मामींनी ते कधी पुन्हा खाल्लं नाही. खोकलाही आहे तसाच आहे. या चैत्रात मी गेलो तेव्हा मामा बाजेवर बसून होते. गुडघे धरलेत, बादली उचलत नाही. आता ओंडके गेले असतील असं समजून मी गोठ्यामागे गेलो, तर पोती ओलीचिंब आणि त्यांच्याखाली टपोरे कान. गावात टँकरही आला नव्हता. परत येऊन मी मामांकडे पाहिलं.

"पहाटं पाऊस पडतोय," मामा हळूच म्हणाले. "फकस्त तिथंच पडतोय." मग दाराकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत मामी खोकत होत्या, आणि उंबऱ्यावर त्यांची रिकामी बादली पालथी घातलेली होती.