दही न मोडणारे टायर

लग्न होईपर्यंत टायर ही वस्तू मी कधी नीट बघितलीच नव्हती. गोल, काळी, खालून फिरते, एवढं ज्ञान मला पुरत होतं. मग लग्न झालं ते जनावरांच्या डॉक्टरशी, आणि बंगळुरात बसवनगुडीतल्या आमच्या घरात पानसुपारीच्या तबकाशेजारी पंक्चर काढायचं सामान बघायची पाळी आली. मी ते उचलून पडवीत ठेवी, हे परत आत आणून ठेवत. आमच्या संसाराची सुरुवात अशी झाली.

ह्यांची नोकरी सरकारी, आणि काम शहराच्या पूर्वेकडच्या खेड्यांत, होसकोटे आणि त्याच्याही पलीकडे. त्या काळात गुरांचा एक भयंकर रोग फिरत असे. आपण त्याला बुळकांडी म्हणतो. तिकडचे शेतकरी नुसतं ‘दोड्ड रोग’ म्हणत, मोठा रोग. एकदा शिरला की गोठा रिकामा करूनच निघे. त्यावर लस होती, पण तिचा स्वभाव थेट माझ्यासारखा, जरा गरम झाली की कामातून गेली. म्हणून लसीच्या काचेच्या कुप्या बर्फात ठेवून थर्मासमधून न्यायच्या. कचेरीत जीप एकच, ती मोठ्या साहेबांच्या दौऱ्यांना लागे. ह्यांच्याकडे होती ती लष्कराने निकालात काढलेली, दंडूतल्या म्हणजे कँटोन्मेंटमधल्या लिलावात घेतलेली मोटरसायकल.

तिचे मूळचे टायर झिजून पार गुळगुळीत झाले होते. डांबरी रस्त्यावर त्यांची तक्रार नसे. पण होसकोटे मागे पडलं की लाल मुरूम, मग ओढ्यातली वाळू, मग तळ्याकाठचा चिखल. तिथे मागचं चाक जागच्या जागी फिरत राही आणि हे आडवे होत. संध्याकाळी घरी येत ते नखशिखांत लाल. सासूबाई दारातच बादली घेऊन उभ्या असत आणि आत येऊ देत नसत. “आधी तू धुऊन घे, मग तिला धू,” म्हणत. ‘तिला’ म्हणजे गाडीला, पण म्हणताना माझ्याकडे बघत. मी काय दर वेळी ऐकून घेत नसे.

मग ह्यांनी दंडूतूनच रबराचे जाड जाड गड्डे वर आलेले टायर आणले. चिखलातून ती गाडी आता सरळ चढून जाई. ह्यांना किती आनंद झाला होता! पण तेच टायर डांबरावर आले की सगळी गाडी थरथरे, हँडल धरलेले हात घरी आल्यावरही मुंग्या आल्यासारखे होत. आणि एका सकाळी, होसकोट्याच्या अलीकडेच, त्या थरथरीने थर्मासची आतली काच फुटली. कॅरिअरला बांधलेला थर्मास वरून धडधाकट दिसत होता, त्यामुळे हे तसेच पुढे गेले. गावात जाऊन झाकण उघडलं तर आत काचेचा चुरा आणि कोमट पाणी. परत येऊन नवी लस नेईपर्यंत रोग त्या गावात पोचला होता.

त्या दिवशी हे जेवायला बसले आणि ताटावरून उठले. हात धुताना आपणच म्हणाले, “गुरं रांगेत उभी करून ठेवली होती गं त्यांनी माझ्यासाठी. मी नुसती बघितली आणि परत आलो.” आणि मग म्हणाले, “पुन्हा एकदा असं गाव बघावं लागलं तर मला हे काम जमायचं नाही.” ते बोलून दाखवणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी बोलून दाखवलं म्हणून मी घाबरले.

तेव्हापासून आमच्या घरात टायरशिवाय दुसरा विषय नव्हता. सिटी मार्केटच्या मागे एक टायरचं दुकान होतं, तिथे मीही बरोबर गेले. दुकानदाराने विचारलं, “रोडिगा, मण्णिगा?” रस्त्यासाठी हवा की मातीसाठी? हे म्हणाले, दोन्हीसाठी. दुकानदार हसला आणि म्हणाला, दोन्हीसाठी असा टायर कोणी केलेला नाही, सार, काहीतरी एक सोडावं लागतं. मला त्या हसण्याचा राग आला. सोडायचं म्हणजे काय सोडायचं? लस सोडायची की गाव सोडायचं?

हे तिथेच खाली बसून एकेका टायरवर हात फिरवत होते. एक लांब उभ्या रेघांचा होता, त्याच्या रेघा डांबराला धरतात आणि पुढचं चाक सरळ ठेवतात. दुसऱ्यावर लहान लहान ठोकळे जवळजवळ बसवलेले, गड्ड्यांपेक्षा बुटके. हे म्हणाले, पुढे हा घेऊ, मागे तो घेऊ. गाडी वळवायचं काम पुढच्याचं, ढकलायचं काम मागच्याचं. दोघांना एकच कपडे कशाला? मग त्यांनी मला दाखवलं, टायर केवढाही मोठा असला तरी जमिनीला टेकतो तो त्याचा एवढासाच भाग. मी वाकून बघितलं. माझ्या तळहाताएवढा असेल. पुढे एक तळहात, मागे एक तळहात, आणि त्यावर एक माणूस, बर्फ, लस आणि कुठल्या तरी गावातली सगळी गुरं! इतक्या थोड्या रबरावर लोक रोज जिवाचा भरवसा टाकून जातात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही, ह्याचं मला आजही नवल वाटतं.

पण थर्मास वाचेल की नाही हे कसं कळायचं? एक एक थर्मास फोडून बघणं काही परवडणारं नव्हतं. तेव्हा मीच चिडून म्हटलं, “दही लावून न्या. मोडलं तर टायर वाईट, नाही मोडलं तर चांगला.” मी चिडून बोलले होते, पण ह्यांनी मान वर केली. सासूबाई म्हणाल्या, “सरी, बरं, लावते,” आणि खरंच छोट्या चिनी मातीच्या बरणीत दूध घेऊन विरजण लावून मोकळ्या झाल्या. हे आईला अक्का म्हणत, जुन्या बंगळुरी मराठी घरांत चालतं तसं. “अक्का, दही घट्ट हवं हं,” एवढंच त्यांनी सांगितलं.

परीक्षेचा रस्ता ठरला बनशंकरीच्या देवळाचा. तेव्हा ते देऊळ गावाबाहेर, शेतांत होतं. निम्मा रस्ता डांबरी, पुढे माती, मध्ये एक खडकाळ चढ, एका ठिकाणी पाटाचं पाणी रस्त्यावर. म्हणजे होसकोट्याच्या वाटेचं सगळं थोडं थोडं तिथे होतं. आधी जुने गड्ड्यांचे टायर. देवळापाशी बरणी उघडली तर आत ताक. नंतर नवे टायर. दही फुटून पाणी वर आलं होतं, पण गोळे शिल्लक होते. मग हे मातीचा रस्ता लागला की उतरून दोन्ही चाकांतली स्वल्प हवा सोडू लागले, अंगठ्याने दाबून बघत, आणि डांबर आलं की पंपाने परत भरत. दह्याला आता नुसत्या भेगा पडू लागल्या. शुक्रवारी लिंबाच्या सालीत दिवे लावायला आलेल्या बायका आमच्याकडे बघत राहत. देवळासमोर नवरा-बायको मोटरसायकलवरून येतात, देवीला नमस्कार करण्याआधी बरणीत डोकावतात आणि भांडतात, हे त्यांनी कधी बघितलं नसावं. घरात तर रोज कढी. सासूबाई म्हणाल्या, लवकर टायर ठरवा, नाहीतर मी घर सोडते.

शेवटी मी बरणी कॅरिअरवरून काढली, घोंगडीची घडी मांडीवर घेतली आणि बरणी त्यावर धरून बसले. त्या दिवशी देवळापाशी झाकण काढलं तर दही जसंच्या तसं, वरची साय सुद्धा हललेली नाही. हे बराच वेळ त्या दह्याकडे बघत उभे राहिले. मग हात जोडले, ते देवीला की दह्याला, मला कळलं नाही. आम्ही देवळाच्या पायरीवर बसून ते दही भाताबरोबर खाल्लं. इतकं गोड दही मी पुन्हा खाल्लेलं नाही.

त्यामुळे होसकोट्यापलीकडच्या एका गावाशेजारी दोड्ड रोग आल्याची खबर आली, तेव्हा मी जाणार की नाही हा प्रश्नच राहिला नाही. माझी मांडी त्या गाडीचा भागच झाली होती. एवढ्या लांब एका अंगाला पाय सोडून बसणं कठीण, म्हणून सासूबाईंनी आपलं नऊवारी लुगडं काढून दिलं आणि स्वतः कासोटा घालून दिला. गल्लीतले लोक बघत होते. “बघू देत,” सासूबाई म्हणाल्या, “त्यांच्या घरी कोण डॉक्टर आहे?”

सकाळच्या उन्हात आम्ही निघालो. मला तो प्रवास पायाखालून आठवतो. डांबर होतं तोवर चाकांचा नुसता एकसुरी आवाज. होसकोट्यानंतर उतरून हवा कमी केली आणि मुरूम सुरू झाला, आवाज बदलला, खरखरीत झाला. वाळूत गाडी स्वतःच्या मनाने डावी-उजवीकडे जाऊ लागली, हे म्हणाले, “तिला जाऊ दे, तू फक्त थर्मास धर.” आणि मग तळ्याकाठचा चिखल. मला वाटलं, आता पडलोच. मागचं चाक जरा घसरलं, मग त्या ठोकळ्यांनी खाली कुठेतरी घट्ट जमीन शोधून काढली आणि आम्हाला उचलून पलीकडे नेलं. मी डोळे मिटले होते ते उघडले. एवढी मोठी पृथ्वी, तिच्यात मातीच्या इतक्या जाती, आणि तिने ते दोन तळहात रबर प्रत्येक ठिकाणी ओळखून घेतलं! माझे डोळे भरून आले. मांडीवर बर्फाचे खडे खुळखुळत होते, म्हणजे थर्मास शाबूत होता.

गाव समोर दिसत होतं आणि वाटेवर कडुलिंबाच्या डहाळ्यांचा दोर आडवा बांधलेला होता. खाली कुंकू भरलेला कोहळा फोडून ठेवलेला. दोरापलीकडे गावचा म्हातारा गौडा, म्हणजे पाटील, चार माणसं घेऊन उभा होता. गुरांचा रोग जवळ आला म्हणून त्यांनी मारीअम्माचा, रोगराईच्या देवीचा, उत्सव धरला होता आणि शीव बांधली होती. तो कन्नडात शांतपणे म्हणाला, “देवीला निरोप देईपर्यंत चाक आत येत नाही, सार. बैलगाडी नाही, सायकल नाही. बाहेरचं माणूसही नाही.”

निरोपाला अजून दोन दिवस होते. बर्फाला तेवढे तास नव्हते. माझं डोकं फिरलं. आम्ही कढी पिऊन पिऊन इथवर आलो आणि ह्या लोकांना आमचं चाक चालत नाही? मी तोंड उघडणार तेवढ्यात ह्यांनी मागे न बघताच हाताने मला थांबवलं. त्यांची मान मला मागून दिसत होती, ताठ आणि घामाने भिजलेली. असंच गाव पुन्हा बघावं लागलं तर काम जमायचं नाही, असं हे म्हणाले होते.

ह्यांनी इंजिन बंद केलं, उतरले, चपला काढल्या आणि दोरापासून हातभर अंतरावर उकिडवे बसले. वाद घातला नाही, सरकारचं नाव घेतलं नाही. एवढंच विचारलं, “अण्णा, गुरं बाहेर येतात का?”

म्हातारा बाकीच्यांशी हळू आवाजात बोलला. मग म्हणाला, “गुरांना कोण अडवणार? ती रोज चरायला जातात.”

माणसांनी काठ्यांनी दोर वर उचलून धरला आणि गावातली गुरं एकामागून एक बाहेर येऊ लागली. बैल, गाई, म्हशी, कालवडी. शिंगं डहाळ्यांना लागत आणि कडुलिंबाची पानं त्यांच्या पाठींवर गळत. ती पाठीवरची पानं घेऊन प्रत्येक जनावर ह्यांच्यासमोर येऊन उभं राही. मी थर्मास उघडून एकेक कुपी काढून देत होते, बोटं बर्फाने बधिर झाली होती. देवळांत मी पुष्कळ उभी राहिले आहे, पण त्या वाटेवर मला जे वाटलं ते देवळांत फारसं वाटलेलं नाही. बर्फ संपत आला तेव्हा म्हाताऱ्याने आपली स्वतःची बैलजोडी सर्वांत शेवटी आणली.

लस टोचली म्हणजे झालं असं नसतं. ती लागली की नाही हे पुढे कळतं. ते सगळे दिवस हे घरात असून नसल्यासारखे होते. पुन्हा जायची वेळ आली तेव्हा मी न विचारताच मागे बसले. मांडीवर ह्या वेळी थर्मास नव्हता, तरी हात तसेच धरून बसले होते.

दोर काढलेला होता. शिवेवर म्हाताऱ्याची बायको पाण्याचा घडा घेऊन उभी होती. तिने आम्हाला थांबवलं आणि आधी पुढच्या चाकावर पाणी ओतलं, मग मागच्या. दूरवरून आलेल्या पाहुण्याचे पाय धुवावेत तशी ती हाताने चिखल काढून टायर धूत होती, ठोकळ्यांच्या फटींत बोटं घालून. नंतर तिने ह्यांच्या पायांवर पाणी घातलं. ह्यांना विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं, हे मला दिसत होतं.

म्हातारी उभी राहिली, तळ्याकडे हात केला आणि म्हणाली, “एल्ला मेय्ताव.” सगळी चरताहेत.

हे गाडी लावायला म्हणून वळले, ती लावली आणि त्या ओल्या मागच्या चाकाशेजारी खाली बसले. तोंडावर हात घेऊन रडू लागले. म्हातारी माझ्याकडे बघू लागली. मी तिच्या हातातला घडा घेतला, आणि आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलो, त्यांचं होईपर्यंत.