कण्हेरीमागच्या बिबड्या

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, एका एप्रिलमध्ये आईने धुळ्यातल्या आमच्या अंगणात पुन्हा बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातल्या. समोरच्या हमरस्त्यावर ट्रक वाढल्यावर बिबड्यांवर काजळी बसू लागली, म्हणून तिने ते बंद केले होते. आता कॉलनीने रस्त्याकडेला लावलेली कण्हेर डोक्याच्या वर दाट वाढली होती.

"अक्का, डिझेलन्या बिबड्या करी राहिनी का?" शेजारच्या मावशींनी टोमणा मारला.

"काजळी बठ्ठी कण्हेर खाई. तू बिबड्या खावाले ये!" सगळी काजळी कण्हेरच खाणार, अशी आईची खात्री होती.

आम्ही भावंडे दिवसभर धावत जाऊन पाहत होतो. कण्हेरीची रस्त्याकडची पाने काळी पडत होती. संध्याकाळी आईने बिबड्यांवरून बोट फिरवले आणि ते उंच धरले. बोट स्वच्छ होते. आम्ही ओरडत उड्या मारल्या.

दुसऱ्या सकाळी मावशींच्या बिबड्या आमच्या अंगणात होत्या.